काळी सातेरी, पिवळी सातेरी: एक प्रजाती की दोन, हे तपासताना

सप्टेंबर २०२२ मध्ये केरळमधून निघणाऱ्या ‘एन्टोमॉन’ या नियतकालिकात एपिस करिंजोडियन नावाच्या मधमाशीचं वर्णन आलं. काळसर, पोकळीत पोळी बांधणारी, पश्चिम घाटातली माशी. लेखकांनी तिचा प्रदेश गोवा, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूचा काही भाग असा दिला होता. १७९८ साली फॅब्रिशियसने एपिस इंडिका हे नाव दिलं, त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी भारतातून मधमाशीची नवी प्रजाती, अशा बातम्या झळकल्या.

बातमी वाचली आणि मला महाबळेश्वरची काळी सातेरी आठवली. सातेरी म्हणजे पोकळीत आणि पेटीत राहणारी आपली देशी मधमाशी. नवी प्रजाती गोव्यापर्यंत येत असेल, तर त्याच डोंगररांगेत पुढे आंबोली, राधानगरी, कोयना, महाबळेश्वर इथे राहणाऱ्या काळ्या सातेरीचं काय? आणि खाली कराड-फलटणच्या बाजूला वारुळात, जुन्या भिंतीत, विहिरीच्या कपारीत सापडणारी पिवळसर सातेरी तिची कोण लागते?

मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. पीएचडीची नोंदणी झाली होती, विषय पक्का होत नव्हता. मार्गदर्शक सरांकडे हा विषय नेला तेव्हा ते म्हणाले, “करा. पण ‘प्रजाती की उपप्रजाती’ याचं उत्तर मिळेलच असं धरून चालू नका. ‘ठरवता येत नाही’ हेही उत्तर पुराव्यानिशी द्यावं लागतं.” पुढची तीन वर्षं या वाक्याचा मला फार आधार झाला. असं काम हाती घेणाऱ्यांना सुरुवातीला जे अंधारात चाचपडावं लागतं ते थोडं कमी व्हावं, म्हणून घडलं त्या क्रमाने लिहिते आहे.

पहिले काही महिने नुसतं वाचन केलं, आणि ते टाळू नका असं मी प्रत्येकाला सांगेन. हा वाद जुना आहे. १९५३ साली मा या अभ्यासकाने मधमाश्यांच्या चोवीस प्रजाती मानल्या होत्या. १९८८ साली मधमाश्यांचे अभ्यासक रुटनर यांच्या ग्रंथात त्या मोजक्याच उरल्या आणि बाकीच्या उपप्रजाती ठरल्या. माश्या त्याच, पण एकाने फरकाला महत्त्व दिलं, दुसऱ्याने साम्याला. आपली सातेरी रुटनर यांच्या मांडणीत एपिस सेराना इंडिका, म्हणजे १७९३ साली चीनमधून वर्णन केलेल्या एपिस सेरानाची भारतीय उपप्रजाती. तेव्हापासून पाठ्यपुस्तकात तेच नाव आहे.

पण २००६ साली दक्षिण भारतातल्या काळ्या आणि पिवळ्या माश्यांवर ओल्ड्रॉयड आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. या दोन रंगरूपांमध्ये प्रजननाचा अडसर असल्याचे पुरावे त्यात मांडले होते. २०१० मध्ये मधमाश्यांच्या डीएनएवर आधारलेल्या वंशावळीच्या अभ्यासातून असं सुचवलं गेलं, की दक्षिण भारतातली मैदानी माशी एपिस इंडिका या जुन्या नावाने स्वतंत्र प्रजाती मानावी. म्हणजे करिंजोडियनच्या आधीच एक फाटा फुटलेला होता. मैदानातली पिवळी वेगळी की डोंगरातली काळी वेगळी, आणि वेगळी असली तर नवं नाव द्यायचं की जुन्या नावांपैकी एखादं तिला लागू पडतं, हे सगळे प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. प्राणिनामकरणाच्या नियमांत आधी प्रसिद्ध झालेल्या नावाला अग्रक्रम असतो. त्यामुळे नवं नाव देण्याआधी दोनशे वर्षांतली सगळी सोडून दिलेली नावं आणि त्यांचे मूळ नमुने तपासावे लागतात. हे काम पाहूनच मी ठरवलं, की नाव देणं हे माझं उद्दिष्ट असणार नाही.

वाचताना एक गोष्ट मनात ठसली. हिमालयातल्या कड्यांवरची मोठी मधमाशी, एपिस लॅबोरिओसा, बराच काळ आपल्या आग्या माशीची उपप्रजाती मानली जायची. तिचं वेगळेपण मान्य होण्यात सगळ्यात वजनदार पुरावा कोणता ठरला, तर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिमालयाच्या पायथ्याशी काही ठिकाणी दोन्ही माश्या एकाच भागात सापडल्या आणि तिथेही त्या वेगळ्याच राहिलेल्या दिसल्या. मधली रूपं नव्हती. दूरदूरच्या दोन टोकांना फरक दिसणं सोपं असतं, तो कुठल्याही पसरलेल्या प्रजातीत दिसतो. जिथे दोघी भेटतात तिथे काय होतं, ते बघायचं. साताऱ्याहून गोव्याला पायी निघालं तर बोली गावागणिक बदलत जाते, पण इथे एक संपली आणि दुसरी सुरू झाली अशी रेघ कुठेच ओढता येत नाही. माश्यांमध्येही असाच उतार निघाला तर टोकाच्या दोन माश्या कितीही वेगळ्या दिसोत, त्या दोन प्रजाती ठरत नाहीत. रेघ निघाली तर मात्र विचार करावा लागतो. म्हणून मी अभ्यासाच्या आराखड्यात महाबळेश्वर आणि फलटण ही टोकं ठेवलीच, पण जास्त नमुने मधल्या उतारावरून घ्यायचं ठरवलं: मेढा, पाटणचं खोरं, डोंगरपायथ्याची गावं.

मग परवानग्या. २०२२ चा हिवाळा यातच गेला. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात एक मुंगीसुद्धा गोळा करायची असेल तर वन विभागाची लेखी परवानगी लागते. संरक्षित क्षेत्रासाठी अर्ज नागपूरला, प्रधान मुख्य वनसंरक्षकांच्या वन्यजीव शाखेकडे जातो. सोबत संशोधन आराखडा, मार्गदर्शकांचं पत्र, संस्थाप्रमुखांचं पत्र, नकाशा, नेमक्या जागा, कोणत्या महिन्यात किती नमुने, ते नंतर कुठे ठेवणार, हे सगळं. या प्रक्रियेसाठी हंगामाच्या आधी सहा महिने हाताशी ठेवा, कारण एखादा कागद कमी पडला तर पत्रव्यवहार नव्याने सुरू होतो. कोयना आणि राधानगरी ही अभयारण्यं आहेत. मी अभ्यासाच्या जागा शक्य तितक्या त्यांच्या हद्दीबाहेर, मालकीच्या रानात आणि मधपाळांच्या पेट्यांवर ठेवल्या. तरी ग्रामपंचायतीचं पत्र घेतलं आणि जिथे जैवविविधता व्यवस्थापन समिती कामात होती तिथे त्यांना लेखी कळवलं. कायद्याने प्रत्येक ठिकाणी ते लागतंच असं नाही, पण गावात ओळख होते, आणि पुढे शोधनिबंध पाठवताना “नमुने कायदेशीर मार्गाने घेतले का” या प्रश्नाला कागद दाखवता येतो.

नमुना परदेशी पाठवायचा विचार असेल तर प्रकरण निराळं. त्याला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. मी तो रस्ता घेतला नाही. आणि खरोखर नवी प्रजाती किंवा उपप्रजाती वर्णन केलीत, तर जैवविविधता कायदा २००२ मधल्या कलम ३९ प्रमाणे नमुने मान्यताप्राप्त संग्रहात जमा करणं बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी तो संग्रह म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण विभाग. पश्चिम भारतासाठी त्यांचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे.

सगळ्यात अनपेक्षित अडचण शुद्ध अल्कोहोलची. डीएनएसाठी माशी ९५ टक्क्यांच्या वरच्या इथेनॉलमध्ये ठेवावी लागते, आणि ते औषधाच्या दुकानात मिळत नाही. संस्थेकडे राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना हवा. छोट्या महाविद्यालयांकडे तो बहुधा नसतो. माझा प्रश्न विद्यापीठातल्या विभागाच्या कोट्यातून सुटला, पण प्रत्येक लिटरची नोंदवही ठेवावी लागली. कुरियरवाले अल्कोहोल घेत नाहीत, पोस्टातही ज्वालाग्राही द्रव चालत नाही. म्हणून डीएनए विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतच वेगळा काढून, त्याच्या प्रती वाढवून, तयार झालेला पदार्थ गोठलेल्या जेलच्या पाकिटांसोबत क्रमवाचनासाठी, म्हणजे डीएनएतली अक्षरं ओळीने वाचून घेण्यासाठी, पाठवायचा, अशी पद्धत बसवली. आराखडा लिहितानाच याचा विचार करा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये नमुने घ्यायला सुरुवात केली. जांभळाचा बहर जवळ आला की वसाहती जोमात असतात. कामकरी माश्या निवडताना तीन गोष्टी सांभाळायच्या. बाहेरून चारा घेऊन येणारी माशी घ्यायची नाही, तिचे पंख झिजलेले असतात आणि ती दुसऱ्या वसाहतीतली भरकटलेलीही असू शकते. नुकतीच कोशातून निघालेली घ्यायची नाही, तिचा रंग पुरता भरलेला नसतो. पिलाव्याच्या, म्हणजे अंडी-अळ्या वाढतात त्या, चौकटीवर काम करणाऱ्या मधल्या वयाच्या माश्या घ्यायच्या. माशी आधी थंड पेटीत ठेवायची, मग अल्कोहोलमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी ते अल्कोहोल बदलायचं, कारण माश्यांच्या अंगातल्या पाण्याने ते पातळ होतं. केसांची लांबी मोजायची असेल तर काही माश्या कोरड्याच ठेवायच्या. अल्कोहोलमध्ये केस चिकटतात. बाटलीच्या आत चिठ्ठी टाकायची ती शिसपेन्सिलीने लिहिलेली. बॉलपेनची शाई विरघळते आणि मग त्या बाटलीला काही अर्थ उरत नाही. गाव, उंची, अक्षांश-रेखांश, तारीख, कोणी घेतलं, आणि पेटी की रानटी वसाहत.

हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. मधपाळ पेट्या हलवतात. डोंगरावर पकडलेला थवा खालच्या गावात जातो, खालची पेटी बहरासाठी वर येते. कुठलीही माशी “या गावची” म्हणण्याआधी पेटीचा इतिहास विचारावा लागतो. दक्षिण भारतात १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड या अळ्या मारणाऱ्या विषाणूने सातेरीच्या बहुतेक वसाहती संपवल्या होत्या. अशा संकटांनंतर माश्या कुठून कुठे नेल्या गेल्या याची नोंद क्वचितच असते. म्हणून झाडाच्या ढोलीतल्या आणि वारुळातल्या रानटी वसाहती मला जास्त हव्या होत्या. त्या शोधून दिल्या गुराख्यांनी आणि मध काढणाऱ्यांनी, त्यांच्याशिवाय हे काम उभं राहिलं नसतं.

मेढ्याच्या बाजूला सत्तरी ओलांडलेले एक मधपाळ भेटले. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं, मीही म्हणू लागले. मी त्यांच्यासमोर काळ्या आणि पिवळ्या माश्यांच्या बाटल्या ठेवल्या. त्यांनी उजेडात धरून बघितल्या आणि म्हणाले, “मॅडम, हे एकच हाय. वरनं काळी पेटी खाली आणली की दोन वर्सात पिवळी हुती. म्या किती येळा बघितलंय.”

मी घरी येऊन ते वाक्य वहीत लिहिलं आणि त्याच्यावर दिवसेंदिवस विचार केला. अनुभवी माणसाने पाहिलेलं खोटं नसतं, पण त्याची कारणं निरनिराळी असू शकतात. एक शक्यता: काळ्या वसाहतीत नवी राणी झाली, ती खालच्या पिवळ्या नरांशी मीलन करून आली, आणि पिढी मिश्र झाली. तसं असेल तर दोघींमध्ये अडसर नाही. दुसरी शक्यता: सातेरी पेटी सोडून पळून जाण्यासाठी प्रसिद्धच आहे. काळी वसाहत उठून गेली आणि रिकाम्या पेटीत खालचा पिवळा थवा येऊन बसला. तसं असेल तर मिश्रणाचा काही संबंधच नाही. तिसरी शक्यता: माश्या त्याच, पण उबेत वाढलेल्या कोशातून फिकट रंगाची माशी निघते आणि थंडीत गडद, हे मधमाश्यांमध्ये माहीत असलेलं आहे. तीन कारणांतून डोळ्यांना दिसणारा परिणाम एकच.

या तीन शक्यता वेगळ्या करता येतील असा मार्ग मामांच्याच पेट्यांवर सापडला. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया या घटकातला डीएनए फक्त आईकडून येतो. पेटी खाली आणली त्या दिवशी राणीच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा, काही कामकरी माश्या जपून ठेवायच्या. पुढे माश्या पिवळ्या झाल्या तर पुन्हा नमुना घ्यायचा. आईकडचा वारसा तोच राहून पंखांची घडण मधली झाली, तर मिश्रणाची बाजू भक्कम होते. वारसाच बदललेला दिसला तर थवा बदलला. वारसाही तोच, पंखही तेच आणि फक्त रंग उजळला, तर तो उबेचा परिणाम. मामा नाहीतरी पेट्या आणणारच होते, मी त्यांना फक्त नोंद ठेवायला सांगितलं. त्यांच्या नातवाने फोनवर फोटो पाठवायचं काम आनंदाने घेतलं.

२०२३ चा पावसाळा मोजमापात गेला. उजवा पुढचा पंख काढायचा, ३५ मिमी पारदर्शिकांच्या जुन्या चौकटींमध्ये काचांच्या मधे बसवायचा आणि चांगल्या स्कॅनरवर जास्त क्षमतेने स्कॅन करायचा. पंख साडेसात मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यावर शिरा जिथे मिळतात असे १९ ठरलेले बिंदू संगणकावर टिपायचे. टीपीएसडिग आणि मॉर्फोजे ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. याखेरीज क्युबिटल निर्देशांक, म्हणजे एका शिरेच्या दोन तुकड्यांचं गुणोत्तर, जिभेची लांबी, मागच्या पायाची लांबी, पोटाच्या पट्ट्यांवरचा रंग. डोळे दुखतात, मान धरते. एका बैठकीत फार बिंदू टिपू नका, आणि काही पंख आठवड्याने पुन्हा मोजून स्वतःच्या हाताची चूक किती ते काढा. समीक्षक ते विचारतातच.

आकडेवारीत दोन सापळे आहेत. एका वसाहतीतल्या वीस माश्या म्हणजे वीस स्वतंत्र नमुने नव्हेत, त्या बहिणी आहेत. राणी अनेक नरांशी मीलन करते म्हणून त्या बऱ्याचशा सावत्र बहिणी असतात, आणि त्यामुळेच एकाच पोळ्यात रंगाच्या इतक्या छटा दिसतात. म्हणून हिशोब वसाहतीच्या सरासरीवर करायचा. दुसरा सापळा म्हणजे गट आधी ठरवून केलेलं विश्लेषण. संगणकाला “हे काळे, हे पिवळे” असं आधीच सांगितलं, की तो त्यांना वेगळं करून दाखवण्याचा रस्ता शोधतोच. आधी गट न सांगता चित्र बघा.

गट न सांगता मापांचा आलेख काढला, प्रत्येक वसाहतीचा एक ठिपका, तेव्हा महाबळेश्वर आणि फलटणचे ठिपके कागदाच्या दोन बाजूंना गेले. मी थोडा वेळ खुर्चीतून उठलेच नाही, इतका आनंद झाला. मग मेढा आणि पाटणचे ठिपके टाकले आणि ते मधे सगळीकडे पसरले. उपप्रजातीसाठी पक्षिशास्त्रात १९४९ पासून एक ढोबळ नियम वापरला जातो, की एका गटातले निदान ७५ टक्के नमुने दुसऱ्या गटापासून ओळखता आले पाहिजेत. फक्त टोकं घेतली तर माझ्या माश्या तो नियम सहज पार करत होत्या. मधला उतार धरला तर गट कुठे तोडायचा हेच ठरत नव्हतं. किती नमुने कुठून घेतले यावर उपप्रजातीचं अस्तित्व अवलंबून राहावं, हे मला पटेना, आणि आजही पटत नाही.

त्यानंतरचा हिवाळा नरांचा. मधमाश्यांचं मीलन हवेत उंचावर होतं, ते बघता येत नाही. पण नर पेटीबाहेर कधी पडतात हे बघता येतं. बोर्निओत एकाच जंगलात राहणाऱ्या मधमाश्यांच्या प्रजातींनी दिवसाची वेळच वाटून घेतली आहे: एपिस अँड्रेनिफॉर्मिसचे नर दुपारी लवकर, मग सेरानाचे, मग कोशेव्हनिकोव्हीचे, आणि डॉर्सेटाचे, म्हणजे आग्या माशीचे, सूर्यास्ताच्या सुमारास. वेळ वेगळी असली की भेटच होत नाही. जानेवारी ते मार्च २०२४ मध्ये, हवा स्वच्छ असेल त्या दिवशी, मी आणि माझे विद्यार्थी दुपारी बारापासून पाचपर्यंत पेट्यांसमोर बसून दर पाच मिनिटांना बाहेर पडणारे नर मोजत होतो. नर ओळखणं सोपं असतं: मोठे डोळे, बोजड अंग, जाड आवाज. ढगाळ दिवशीची नोंद बाजूला ठेवा, आणि दोन्ही रंगांच्या पेट्या एकाच ठिकाणी, एकाच दिवशी मोजा. महाबळेश्वरची वेळ आणि फलटणची वेळ यांची तुलना करून काही हाती लागत नाही, कारण तिथे तापमानच वेगळं असतं. मामांच्या अंगणात दोन्ही पेट्या शेजारी होत्या. उड्डाणाच्या वेळा थोड्या पुढेमागे होत्या, पण बराच वेळ दोन्हीकडचे नर एकदमच हवेत होते. म्हणजे निदान तिथे वेळेचा पक्का अडसर दिसला नाही.

डीएनएचं काम २०२४ च्या उन्हाळ्यात झालं. माशीचा मागचा एक पाय पुरतो, बाकीची माशी पुराव्यादाखल जपायची. सीओआय या मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा दोन्ही बाजूंनी वाचून घ्यायला मला एका नमुन्यामागे साधारण बाराशे रुपये पडले. दीड महिना वाट बघितली, काही नमुने वाचताच आले नाहीत. आलेला क्रम थेट वापरू नका. मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकांच्या जुन्या नकला केंद्रकात पडून असतात आणि चुकून त्याच वाचल्या जातात. क्रमाचं प्रथिनात रूपांतर करून मधेच थांबा-संकेत येतो का बघा, आलेखात दुहेरी शिखरं आहेत का बघा. जीनबँक या डीएनए-क्रमांच्या खुल्या संग्रहात क्रम जमा करणं मोफत आहे आणि क्रमांक काही दिवसांत मिळतो.

मामांच्या पेट्यांचं काय झालं? काही पळून गेल्या. एका पेटीत ठिपका दिलेली राणी जाऊन नवी आली. आईकडचा वारसा डोंगरातलाच राहिला, माश्या उजळल्या आणि पंखांची घडण मधे सरकली. मामांना फोन केला तर म्हणाले, “म्या काय सांगितलं हुतं?” पण एका पेटीवरून मिश्रणाचा सिद्धांत मांडता येत नाही. शिवाय मिश्र संतती निपजली एवढ्याने दोन प्रजातींचा प्रश्न मिटत नाही. ती संतती पुढे कितपत टिकते, तिच्या राण्या आणि नर पुढच्या पिढ्या देतात का, हे केंद्रकातल्या अनेक जनुकखुणा पाहून आणि अनेक हंगाम मोजून ठरेल. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईची बाजू सांगतो, बापाची नाही.

२०२४ च्या दिवाळीनंतर लिहायला बसले. निष्कर्ष असा लिहिला: अभ्यासलेल्या पट्ट्यात काळी आणि पिवळी ही एका उताराची टोकं दिसतात, मधल्या भागात स्पष्ट सीमा नाही, म्हणून आम्ही दोन्हीसाठी एपिस सेराना हेच नाव वापरतो आणि नवा दर्जा सुचवत नाही. दक्षिणेत झालेल्या अभ्यासांना यातून आव्हान मिळतं असं मी लिहिलं नाही, कारण तिथली परिस्थिती वेगळी असू शकते. तिथे अडसर असेल आणि इथे नसेल, हेही शक्य आहे, आणि तसं निघालं तर ते सगळ्यात रोचक ठरेल.

या टप्प्यावर खूप दबाव आला, तो लिहून ठेवते. “नवी उपप्रजाती” म्हटलं असतं तर बातमी झाली असती, महाविद्यालयाच्या अहवालात ठळक ओळ आली असती. हितचिंतकांनीच तसं सुचवलं. नामकरणाच्या नियमांत प्रजातीचं आणि उपप्रजातीचं नाव एकाच गटात मोडतं. म्हणजे आज कच्च्या पुराव्यावर दिलेलं उपप्रजातीचं नाव उद्या कोणी प्रजाती म्हणून वर उचललं, तरी तेच नाव, तोच लेखक, तीच तारीख कायम राहते. चुकीचं नाव मागे घेता येत नाही. ते समानार्थी नावांच्या यादीत कायम पडून राहतं, आणि पुढच्या प्रत्येकाला ते तपासत बसावं लागतं. मी स्वतः दोनशे वर्षांची अशी यादी चाळून आले होते.

तीन दिवसांत छापून देतो, पैसे भरा, असे ईमेल येतील. त्यांना उत्तर देऊ नका. माझा शोधनिबंध समीक्षकांकडे सहा महिने होता. एकाचं म्हणणं, टोकांमधला फरक एवढा आहे तर उपप्रजाती का नाही? दुसऱ्याचं म्हणणं, मधल्या उतारावरचे रानटी वसाहतींचे नमुने वाढवा. दुसऱ्याचं बरोबर होतं, जितके वाढवता आले तितके वाढवले. पहिल्याला आकृती दाखवून सविस्तर उत्तर लिहिलं. स्वीकारल्याचं पत्र ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. नवा टॅक्सॉन, म्हणजे नवी प्रजाती किंवा उपप्रजाती, नसल्यामुळे नमुने जमा करणं बंधनकारक नव्हतं, तरी मी ते संग्रहात दिले. माश्या नोंद क्रमांकासह कुठेतरी ठेवलेल्या असल्या तर उद्या संपूर्ण जनुकसंचय वाचणारा कोणी त्याच माश्या उघडून मला तपासू शकतो.

एकंदर खर्च सव्वा लाखाच्या आसपास गेला. त्यात महाविद्यालयाचं छोटं अनुदान होतं, बाकी पगारातून. सगळ्यात मोठा भाग क्रमवाचन आणि पेट्रोलचा.

आता उरलेलं काम माझ्या अभ्यासाचा भाग आणि गोवा यांच्या मधल्या पट्ट्यातल्या नरांचं आहे. आंबोली ते सावंतवाडी आणि तिथून गोव्याकडे उतरणाऱ्या घाटात ढोलीतल्या किंवा वारुळातल्या सातेरीच्या वसाहती माहीत असतील, तर त्यांची जागा आणि उंची टिपून ठेवा, आणि पोळं तोडू देऊ नका. फेब्रुवारीत, आभाळ स्वच्छ असलेल्या दुपारी, त्या वसाहतीसमोर बसून नर किती वाजता निघायला लागतात आणि किती वाजता थांबतात एवढं लिहिलं तरी पुरे. त्या घाटातल्या अशा नोंदी मला अजून कुठेही सापडलेल्या नाहीत.